नाकावरचं वजन

मिस्त्री आपल्या ट्रेलरचं नाक एका हाताने उचलत. गिऱ्हाईक आलं की आधी चहा, मग बांधलेली नाव दाखवणं, आणि सगळ्यात शेवटी हा खेळ. जीपच्या हुकात अडकवायचं ते पुढचं लोखंडी टोक डाव्या हाताच्या चार बोटांत धरायचं, वर अख्खी अठरा फुटी नाव चढवलेली असताना अलगद उचलायचं, आणि उजव्या हाताने चहाचा घोट घेत गिऱ्हाइकाकडे बघायचं. गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं. मिस्त्रींची बायको खिडकीतून म्हणायची, "झाला का पराक्रम? आता तोच हात जरा पाण्याच्या बादलीला लावा."

सून लग्न होऊन या घरात आली त्याला अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षं ती हा खेळ बघत होती आणि तिलाही सासऱ्यांचं मनापासून कौतुक होतं. पण कौतुकाचं काही खरं नसतं. तिचं कौतुक एका बुधवारी दुपारी न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर उतरलं.

मिस्त्रींचा नावा बांधायचा कारखाना पाण्यापासून सहाशे पावलांवर. तिथून नाव बाहेर काढायची, गल्लीचं अरुंद वळण घ्यायचं, आणि धक्क्याच्या उतारावरून पाण्यात सोडायची. तीस वर्षं हेच. पुढे गिऱ्हाईक आपली नाव पाण्यातून घेऊन जायचं. या सहाशे पावलांसाठी मिस्त्रींनी ट्रेलर स्वतःच्या हाताने जोडला होता. नावेचं तोंड जिथे टेकतं तो लोखंडी खांब त्यांनी मुद्दाम वीतभर मागे घेतला होता. त्यामुळे नाव मागे सरकून बसे, नाक हलकं राही, गल्लीत एकटा माणूस ट्रेलर हाताने वळवू शके. शिवाय पाण्यात उतरताना चाकं पुरती बुडायच्या आत नाव तरंगू लागे, म्हणजे बेअरिंगमध्ये पाणी नाही आणि गंज नाही. सहाशे पावलांच्या हिशेबाने त्यात खोट काढायला जागा नव्हती.

या वेळची नाव मात्र डोंगरापलीकडे जायची होती. एकशे दहा किलोमीटरवरच्या तलावातल्या नावाड्याने ती मागवली होती. त्याची जुनी नाव बुडाशी कुजली होती आणि पलीकडच्या काठावरची माणसं पंधरा दिवस तलावाला वळसा घालून चालत होती. शनिवारी नाव पोचवतो, असा शब्द मिस्त्रींनी दिला होता. आता शब्द दिला म्हणजे दिला, पण गाडी कोण चालवणार? मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, जहाजावर. तो चार महिने यायचा नव्हता. मिस्त्रींच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, आणि गाडी चालवायचा परवाना दोन वर्षांपूर्वीच संपलेला. उरली सून. ती दवाखान्यांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीची व्हॅन नऊ वर्षं चालवत होती आणि नऊ वर्षांत तिने एका मांजरालाही धक्का लावला नव्हता.

"नाव मी बांधली, ट्रेलर मी बांधला, आणि नेणार कोण, तर सूनबाई," मिस्त्री जेवताना म्हणाले.

"मग काय, वल्ही मारत डोंगर चढवणार आहात?" सासूबाईंनी विचारलं.

व्हॅन चालवणं वेगळं आणि मागे सातशे किलोचं ओझं ओढणं वेगळं, एवढं सुनेला कळत होतं. म्हणून ती लाँड्रीच्या गॅरेजमधल्या काकांकडे गेली. काकांनी वीस वर्षं लांब पल्ल्याचे ट्रेलर ओढले होते आणि आता गुडघ्यांमुळे नुसते टायर बघत बसत. काकांनी तिला सगळं शिकवलं. हूक बसल्यावर कडी लागली का, ते वर ओढून बघायचं. दोन साखळ्या नाकाखाली एकमेकींवरून तिरक्या बांधायच्या, म्हणजे हूक निसटला तरी नाक झोळीत पडतं, रस्त्यात घुसत नाही. दिवे लावून मागे उभं राहून बघायचं. नाव पुढच्या दोरीवर सोडायची नाही, मागूनही पट्टा आवळायचा. वीस किलोमीटर गेल्यावर थांबून चाकाच्या मध्याला तळहात लावायचा. कोमट असेल तर पुढे, चटका बसला तर तिथेच मुक्काम.

"आणि नाकावर वजन किती आहे?" काकांनी शेवटी विचारलं.

"अजिबात नाही," सून अभिमानाने म्हणाली. "बाबा एका हाताने उचलतात."

काकांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "भरल्या ट्रेलरचं?"

"हो."

"पोरी, मग तो ट्रेलर घरीच ठेव. दर सत्तर किलोमागे नाकावर निदान पाच किलो तरी पाहिजे, सात असेल तर उत्तम. सातशे किलो असेल तर पन्नास ते सत्तर. शेपूट जड आणि नाक हलकं असलं की ट्रेलर नाचतो. सावकाश गेलीस तर पत्ता लागत नाही. पन्नाससाठच्या पुढे गेलीस, बाजूने एखादी बस गेली, उतार लागला, की शेपूट हलायला लागतं. आणि एकदा हललं की ते गाडीला हलवतं."

"मग काय करायचं?"

"ब्रेक मारायचा नाही. माणसाचा पाय तिकडेच जातो, पण मारायचा नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरायचं, आणि गप्प बसायचं. पण त्यापेक्षा आधी वजन कर."

बुधवारी दुपारी मिस्त्री झोपले असताना सुनेने न्हाणीघरातला वजनकाटा आणला, त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवला आणि ट्रेलरचं नाक त्यावर टेकवलं. काटा अठरा किलोवर थांबला. तिने ठोकळा हलवून पुन्हा बघितलं. अठराच.

संध्याकाळी चहाबरोबर तिने विषय काढला. शक्य तेवढा गोड आवाज, शक्य तेवढे आडवळणाचे शब्द. काका असं म्हणत होते, आपण नाव जरा पुढे घेतली तर, तुम्हाला काय वाटतं, वगैरे. सुनेने सासऱ्याला त्याच्याच कामातली चूक दाखवणं म्हणजे दगडाखाली हात घालणं, हे तिला ठाऊक होतं.

मिस्त्रींनी कप खाली ठेवला. "न्हाणीघरातल्या काट्यावर? ज्याच्यावर तुझी सासू रोज वेगळी भरते, त्याच्यावर?"

"मला कशाला मध्ये घेता?" सासूबाई म्हणाल्या. "लेकी बोले सुने लागे ऐकलं होतं. इथे सुनेचं बोलणं बायकोवर."

"तीस वर्षं," मिस्त्री म्हणाले. "एकशे सदतीस नावा. एकीला ओरखडा नाही. आणि तो टायर फुगवणारा मला वजन शिकवणार? अगं, नाक हलकं आहे हीच तर या ट्रेलरची करामत आहे."

"पण बाबा, तेव्हा आपण सहाशे पावलंच—"

"वजन ते वजन. सहाशे पावलं गेलं काय, सहाशे मैल गेलं काय, बदलत नाही."

सुनेने रिकामे कप उचलले. रात्री नवऱ्याचा फोन आला, त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, त्यांची ही शेवटची मोठी नाव आहे, त्यांच्या मनासारखं होऊ दे, तू फक्त सावकाश जा. जहाजावर बसून असले सल्ले देणं फार सोपं असतं. सुनेला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा आला, कारण तिला काटा दिसला होता आणि तरी ती गप्प बसली होती.

शनिवारी सकाळी निघताना तिने वजनकाटा आणि ठोकळा जुन्या चादरीत गुंडाळून जीपच्या सीटमागे टाकला. का टाकला, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून शेजारी बसले. नावेच्या मागच्या टोकाला इंजिन लटकत होतं. नांगर, त्याची साखळी आणि तेलाचा डबा हेही मागेच, कारण पाण्यात या वस्तूंची जागा तिथे असते आणि मिस्त्रींच्या नावेत वस्तू आपापल्या जागीच असत.

पहिले वीस किलोमीटर काही झालं नाही. सुनेने गाडी चाळीसच्या वर नेली नाही. मागे गाड्यांची रांग लागली, भोंगे वाजले, एका टेंपोवाल्याने बाजूने जाताना तिच्याकडे बघून हात जोडले. ठरल्याप्रमाणे ती थांबली, उतरली, दोन्ही चाकांना तळहात लावला. कोमट. पट्टा थोडा सैलावला होता, तो आवळला.

"बघ," मिस्त्री खिडकीतून म्हणाले. "लोण्यासारखा चाललाय. आता जरा पाय दे. नावाडी वाट बघतोय, त्याला काय दिवाळखोराची वरात दाखवायची आहे?"

तिने पन्नास केले. पन्नासलाही काही झालं नाही. चढ लागला, त्यातही काही झालं नाही, आणि खरं सांगायचं तर तिलाच वाटायला लागलं की काका उगीच घाबरवतात. गुडघे गेलेली माणसं घाबरट होत असतील. डोंगराचा माथा आला आणि पलीकडचा लांब, सरळ उतार सुरू झाला. वेगाचा काटा साठवर कधी गेला हे तिला कळलं नाही.

बस मागून आली. मोठी, भरधाव, ती बाजूने गेली तशी हवेने जीपला ढकलल्यासारखं झालं. लगेच मागून एक हिसका आला. मग दुसऱ्या बाजूने. आरशात नावेचं मागचं टोक आधी उजवीकडे दिसलं, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त. जीपची मागची चाकं त्याबरोबर सरकत होती. स्टिअरिंग तिच्या हातात होतं, पण गाडी तिच्या हातात नव्हती.

"ब्रेक मार!" मिस्त्री ओरडले. "ब्रेक, ब्रेक!"

तिचा पाय ब्रेककडे गेलाच होता. तो तिने तिथून ओढून काढला. ॲक्सिलरेटर सोडला, दोन्ही हातांनी स्टिअरिंग सरळ धरलं. समोरून एक लाल ट्रक येत होता. मिस्त्रींनी हात लांब करून स्टिअरिंग पकडलं आणि आपल्याकडे ओढलं.

सुनेने सासऱ्याच्या हातावर फाडकन चापट मारली.

"हात काढा!" ती ओरडली. "गप्प बसा अगदी!"

मिस्त्रींनी हात काढला. अकरा वर्षांत या घरात कोणी त्यांना गप्प बस म्हटलं नव्हतं. ट्रक भोंगा वाजवत बाजूने निघून गेला. ट्रेलर आणखी दोनदा हलला, मग एकदा कमी, मग त्याहून कमी, आणि वेग तीसवर आल्यावर मुकाट मागून चालू लागला. तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि दोन्ही चाकांना दगड लावले. मग ती जीपच्या पायरीवर बसली. तिला रडू येत होतं, पण रागाने येत होतं की भीतीने, हे ठरेना.

मिस्त्रीही उतरले. त्यांनी नावेभोवती एक फेरी मारली. ओरखडा नव्हता.

"बसची हवा लागली," ते म्हणाले.

"बाबा, नाव पुढे घ्यायची. इथेच, आत्ता. नाहीतर मी पुढे जाणार नाही."

"रस्त्याच्या कडेला? उघड्यावर? अगं, हवा लागली म्हणतो ना. बस गेली, हवा गेली. इतकी वर्षं—"

"मला इतकी वर्षं नका सांगू."

"मग चावी दे. मी नेतो."

"नाही देणार."

"दे म्हणतो ना!"

"तुम्हाला डावीकडचं दिसत नाही, परवाना नाही, आणि घरी माझी मुलगी आहे," सून म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "मी वजन केलं होतं. अठरा किलो. मला बुधवारपासून माहीत होतं आणि मी तोंड शिवून बसले. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. त्या ट्रकवाल्याचं काही झालं असतं तर?"

मोडेन पण वाकणार नाही अशी माणसं चूक समजली की आधी तोंड फिरवतात, आणि मिस्त्रींनीही तेच केलं. पाठ वळवून ते चढाच्या दिशेने चालू लागले. सुनेला वाटलं, झालं, आता हे चालत घरी जाणार. जाऊ देत, एकशे दहातले साठच झालेत.

पण ते शंभरेक पावलांवर थांबले. त्या भागात वाळूच्या गाड्या जात असाव्यात, डांबरावर बारीक वाळूचा थर पडलेला होता आणि त्यात ट्रेलरच्या चाकांचा माग उमटला होता. मिस्त्री वाकून बघत होते. जिथे माग सरळ होता तिथून त्यांनी सुरुवात केली आणि ते त्याच्या बाजूने खाली येऊ लागले. माग आधी बोटभर वळला होता. मग हातभर. मग एकदम पोट सुटल्यासारखा. ज्या माणसाने आयुष्यभर लाकडाच्या फळीचा बाक डोळ्यांनी मापला, त्याला एका डोळ्यानेही ते वाचता येत होतं. एका जागी ते उकिडवे बसले. खिशातला घडीचा फूट काढला, रस्त्याच्या मधल्या पांढऱ्या रेघेपासून पलीकडच्या मागापर्यंत धरला, उठले, पुन्हा बसले आणि पुन्हा मापलं. येणारी एक मोटारसायकल त्यांना शिव्या देत वळसा घालून गेली.

ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"अडीच फूट," ते म्हणाले. "रेघेच्या पलीकडे अडीच फूट गेलो होतो. तो लाल ट्रक जिथून गेला तिथे."

सून पायरीवरून उठली.

"मी स्टिअरिंग ओढलं ना, तिथेच सगळ्यात जास्त आहे," मिस्त्री म्हणाले. मग शर्टाच्या बाह्या दुमडल्या. "सतरा नंबरचा पाना दे. आणि तेलाची बुधली."

खांबाचे चार बोल्ट तीस वर्षांत कोणी हलवले नव्हते. गंजाने ते खांबाशी एकजीव झाले होते. तेल सोडून दहा मिनिटं थांबावं लागलं, मग पान्याच्या दांड्यावर जॅकचा पाइप चढवून दोघांनी मिळून जोर लावला. पहिला बोल्ट सुटला तेव्हा मिस्त्रींची बोटं सोलवटली. सून म्हणाली, रुमाल बांधा. ते म्हणाले, आधी दुसरा. खांब वीतभर पुढे घेतला, नाव चरखीने कट कट करत पुढे ओढली. नांगर आणि साखळी नावेच्या पुढच्या भागात बांधली, तेलाचा डबा जीपमध्ये घेतला. मागे जाऊन बघितलं तर नावेचं बूड आता ट्रेलरच्या लाकडी पट्ट्यांवर नीट टेकलं होतं. इतके दिवस ते वीतभर अधांतरीच होतं.

"काटा आणलायस ना?" मिस्त्रींनी विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"मोतीबिंदू एका डोळ्यात आहे. चादरीतून ठोकळा दिसत होता."

चौसष्ट किलो भरलं. मिस्त्रींनी सवयीने डावा हात नाकाखाली घातला, उचलून बघितलं, आणि मुकाट्याने उजवाही घातला.

पुढचे पन्नास किलोमीटर सुनेने पन्नासच्या वेगाने केले. बसगाड्या बाजूने गेल्या, एक तेलाचा टँकर गेला. ट्रेलर मागून गुमान येत राहिला. मिस्त्री मात्र एक शब्द बोलले नाहीत. ते मांडीवर बोटं मिटत, उघडत, पुन्हा मिटत बसले होते. सुनेला वाटलं, चापट झोंबली. चार लोकांत नसली तरी सासऱ्याला चापट ती चापटच. घरी गेल्यावर सासूबाईंना काय सांगायचं, याची ती मनात जुळवाजुळव करत राहिली.

तलावाच्या काठी नावाडी आणि आणखी सातआठ माणसं उभी होती. नाव आता पुढे बसल्यामुळे ट्रेलर आणखी खोल न्यावा लागणार होता. "ने, ने मागे," मिस्त्री हात हलवत म्हणाले, "चाकं बुडू देत. घरी गेल्यावर धुऊन ग्रीस भरीन." नाव तरंगली. नावाड्याने तिच्या कडेवरून हात फिरवला, आत उडी मारून दोनदा पाय आपटून बघितले, आणि हसला.

"प्रवासात काही त्रास?" त्याने नुसतं विचारायचं म्हणून विचारलं.

सून म्हणणार होती, नाही, काही नाही. घरातलं झाकलेलं बरं.

"झाला ना," मिस्त्री म्हणाले. "मी ट्रेलर चुकीचा लावला होता. नाक हलकं ठेवलं होतं. हिने सांगितलं, वजन करून सांगितलं, मी ऐकलं नाही. उतारावर नाव नाचायला लागली. मी घाबरून स्टिअरिंग ओढलं. हिने माझ्या हातावर मारलं, म्हणून तुमच्यासमोर उभा आहे."

माणसं हसली. त्यांना वाटलं म्हातारा गंमत करतोय. मिस्त्री हसत नव्हते. त्यांनी खिशातून मळकी छोटी वही काढली आणि सुनेला म्हणाले, "जरा इकडे ये. फोन लावायचाय. मला आकडे दिसत नाहीत."

"आईंना? मी लावते, पोचलो म्हणून सांगते."

"तिला नंतर. असे ट्रेलर मी आणखी तिघांना बनवून दिलेत. याच मापाचे."

मग सुनेच्या लक्षात आलं की गाडीत ते बोटं मिटत काय मोजत होते.

पहिला फोन एका मासेवाल्याला. तो म्हणाला, मिस्त्री, मी तो ट्रेलर कोंबड्यांना झोपायला दिलाय. दुसरा एका दुकानदाराला. तो वाद घालायला लागला, की ट्रेलर तर किती हलका चालतो, नाक एका हाताने उचलतं. मिस्त्री त्याला म्हणाले, "तेच तर सांगतोय. मी येऊन नीट करेपर्यंत रस्त्यावर काढू नका. माझी शपथ आहे."

तिसऱ्या नंबरवर त्यांनी बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

"फोटोवाल्याला?" सून म्हणाली.

मिस्त्रींनी मान हलवली. फोटो काढायचं दुकान चालवणारा तो माणूस गेल्या वर्षी नाव आणि ट्रेलरसकट मोठ्या रस्त्यावर उलटला होता. त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, शेजारी बसलेली बायको कशीबशी वाचली. मिस्त्रींनी वर्षभर ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितली होती. नाचता येईना अंगण वाकडं, गाडी चालवता येत नाही तर नावेचा सोस कशाला, असं म्हणून ते हसत, आणि ऐकणारे हसत. सूनही हसली होती. एकदा नाही, दर वेळी. तिला ते आत्ता आठवलं आणि कानशिलं तापली.

तिने नंबर लावला, फोन त्यांच्या कानाला धरला, कारण त्यांच्या बोटांना रुमाल गुंडाळलेला होता. त्यामुळे पलीकडचं तिलाही ऐकू येत होतं.

"नमस्कार. नाववाला मिस्त्री बोलतोय."

"बोला," फोटोवाला म्हणाला. त्याचा आवाज आखडलेला होता. त्याच्याही कानावर गेलंच असणार, मिस्त्री काय सांगत फिरतात ते.

"तुमचा ट्रेलर उलटला ना, तेव्हा तो आधी हलायला लागला होता का? मागचं टोक, इकडून तिकडे?"

"हो. बाजूने एक ट्रक गेला. मग थांबेचना. मी ब्रेक मारला."

"कोणीही मारला असता. आज मीही तेच ओरडत होतो. ती तुमची चूक नव्हती. ट्रेलर मी चुकीचा बनवला होता. तुमच्या जागी कोणीही असता तरी उलटला असता. मी वर्षभर लोकांना उलटं सांगितलं. माझं चुकलं."

सुनेने फोन त्यांच्या कानाशी नीट टेकवला.

"मिस्त्री," फोटोवाला म्हणाला, "तेव्हापासून मी गाडीला हात लावलेला नाही. बायकोला डॉक्टरकडे न्यायचं असलं तरी भाड्याची गाडी बोलावतो. ती म्हणते, चला ना तुम्हीच. मी म्हणतो, नको. एकदा तुझा जीव घेतलाच होता मी."

मिस्त्रींनी फोनपासून तोंड वळवलं आणि डोळे पुसले. सुनेने फोन तसाच धरून ठेवला. नावाडी नव्या नावेत पहिली माणसं बसवत होता, कोणीतरी हाक मारून त्यांना चहाला बोलावत होतं.

"मी उद्या येतो तुमच्याकडे," मिस्त्री शेवटी म्हणाले. "हे फोनवर सांगून भागणार नाही. वहिनींच्या समोर सांगायला पाहिजे."

"या," फोटोवाला म्हणाला, आणि फोन ठेवला गेला.

मिस्त्रींनी वही खिशात घातली. ती नीट जाईना, तेव्हा सुनेने खिसा धरला.

"उद्या तुला काम असेल," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "तरी नेशील का मला?"

"सुट्टी काढते," सून म्हणाली.